शंभर जागा, तीनशे चाळीस गडी

प्यो पिल-नाम हे नाव बाईचं नाही. घरात चार मुली झाल्या आणि पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने चिडून ते ठेवलं. अर्थ असा की, आता मुलगाच हवा. मुलगा काही झाला नाही, नाव तेवढं राहिलं. शाळेत नवे मास्तर हजेरी घेताना तिला मुलांच्या रांगेत शोधायचे आणि ही मुलींच्या रांगेतून ओरडायची, "इकडे आहे मास्तर, तिकडे कशाला डोळे फोडताय!"

मी तिला ओळखायला लागलो तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती आणि थोंगयंगच्या बंदरावर कालवं फोडायच्या शेडमध्ये कामाला होती. मी त्याआधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो. कंबर गेली म्हणून ते सोडलं आणि शेडसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चाळीस कॉम्प्युटरचं पीसी-बांग टाकलं. तासावर बसायचं, खेळायचं, भूक लागली तर शेवयांचा वाडगा मागवायचा. गिऱ्हाईक बहुतेक तरुण पोरं आणि बोट बंदराला लागली की खलाशी. कालवंवाल्या बायका कधी जिना चढल्या नव्हत्या.

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत पिल-नाम चढली. रबरी बूट दाराबाहेर काढून, उजवा हात काखेत धरून.

"मालक, तुमच्याकडे बोटं हलवायचं काहीतरी असतं म्हणे."

तीस वर्षं थंड पाण्यात सुरी धरून तिची तीन बोटं आखडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन आठवडे काम बंद, हात उबेत ठेवा आणि बोटं सतत हलवा. घरी बसून नुसती बोटं हलवायला तिला वेड्यासारखं वाटत होतं. मी तिला शेगडीजवळच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि 'सात किल्ले' लावून दिला. तेव्हा सगळा देश तो खेळ खेळत होता. एकाच मैदानात हजारो माणसं, कुणी सोलमधला, कुणी पुसानमधला, सगळे एकमेकांना दिसायचे, बोलायचे, मारायचे.

पहिला अख्खा दिवस पडद्यावरचं तिचं माणूस भिंतीवर डोकं आपटत राहिलं.

"हा बावळट भिंतीत का घुसतोय?"

"नूना, तुम्हीच नेताय त्याला."

"मग सांगा ना त्याला वळायला!"

मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून नूना, म्हणजे ताई. पुढे तिच्याहून म्हातारी माणसंही तिला नूनाच म्हणायला लागली.

तीन आठवड्यांत बोटं सुटली, ती कामावर गेली, पण खेळ सुटला नाही. शेड पहाटे सुरू होते आणि दुपारी बंद होते. दुपारी ती यायची. मग मा जम-रे आली. ती शेडमध्ये तिच्या शेजारी बसायची आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. मग आणखी नऊजणी. मग मासळी बाजारातल्या, मग सतरा नंबरच्या बसचा ड्रायव्हर ओ दाल-सू, मग निवृत्त झालेला पोस्टमन. संध्याकाळी माझ्या पीसी-बांगात कालवांचा वास यायचा आणि पोरं नाक धरून कोपऱ्यात सरकायची. खेळात टोळी काढावी लागते. पिल-नामने टोळी काढली आणि नाव ठेवलं 'कालवं'. खेळातच ओळख होऊन तेगूच्या इस्पितळातल्या आया आल्या, चोंजूचे रंगारी आले, मुलांना झोपवून खेळणाऱ्या घरच्या बायका आल्या. वर्षाअखेर टोळी तीनशेच्या वर गेली. लढवय्या एकही नाही. जंगलात मुळं, औषधी पाला गोळा करायचा, लहानसहान रानडुकरं मारायची, झऱ्यापाशी बसून गप्पा मारायच्या.

ते जंगल ज्या किल्ल्याखाली होतं तो किल्ला 'काळे वाघ' नावाच्या टोळीकडे होता. दर रविवारी दुपारी चार ते सहा किल्ल्यावर लढाई व्हायची. जिंकेल त्याचा किल्ला आणि त्याचंच जंगल. वाघांना दीड वर्ष कुणी हलवलं नव्हतं. माणसं शंभर-सव्वाशेच, पण एकेक पन्नास-साठ लेव्हलचा, अंगावर चमचमणारं चिलखत. त्यांच्या म्होरक्याचं आडनाव कूक, एवढंच आम्हाला माहीत. त्या हिवाळ्यात वाघांनी जंगलाच्या तोंडाशी पहारा बसवला. पन्नासच्या खालचा कुणी दिसला की कापायचा. एका संध्याकाळी मा जम-रे अकरा वेळा मेली.

"मेल्यांनो! माझ्या टोपलीतली मुळं का खुपतायत तुम्हाला?" ती पडद्याकडे बघून ओरडली. शेजारच्या खलाशाचा वाडगा लवंडला.

पिल-नामने कूकला खेळातच चिठ्ठी लिहिली. अगदी नीट, मानाने. 'आम्ही कामावरून दमून येतो, तासभर जंगलात फिरतो. तुमचं काही नेत नाही. वाट मोकळी ठेवावी.'

उत्तर एका ओळीचं आलं. 'जंगल हवं असेल तर किल्ला घ्या, आजीबाई. पण गर्दीने लढाई जिंकता येत नसते.'

पिल-नामने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "आजी कुणाला म्हणतोय? मला अजून सूनसुद्धा नाही."

त्याच रविवारी आम्ही किल्ल्यावर गेलो. दोनशे त्रेसष्ट माणसं. मुळं कापायच्या कोयत्या, डुकरं मारायचे भाले, जे हाताला आलं ते. वाघ आमच्यातल्या दहाजणांना एका फटक्यात लोळवत होते आणि त्या दहांच्या जागी वीस येत होते. पाच वाजता दरवाजा पडला आणि बाहेरचे सगळे एकदम आत घुसले. माझ्या पीसी-बांगात अशी आरोळी उठली की खालचा न्हावी वस्तरा हातात घेऊन वर धावत आला. आणि तेवढ्यात पडद्यावरची सगळी माणसं जागच्या जागी थिजली. एक पाय वर, एक पाय खाली. कंपनीच्या यंत्राला एवढ्यांचं ओझं झेपलं नाही. दहा मिनिटांनी खेळच बंद पडला आणि ती लढाई रद्द म्हणून जाहीर झाली.

गुरुवारी सूचना लागली. यापुढे किल्ल्याच्या लढाईत एका बाजूचे एका वेळी शंभरच गडी. शंभरांहून जास्त आले तर ज्याची लेव्हल मोठी त्याला आधी प्रवेश, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. 'सर्वांना लढाईचा आनंद नीट घेता यावा म्हणून.'

"सर्वांना म्हणजे कुणाकुणाला?" पिल-नाम म्हणाली. "मालक, फोन द्या."

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती.

"बाई, मला एवढंच सांगा," पिल-नाम म्हणाली, "ही मर्यादा यंत्रासाठी आहे, का आमच्यासाठी?"

"ग्राहकांच्या सोयीसाठी आहे, मॅडम."

"मी ग्राहक आहे. माझी गैरसोय झाली. आता?"

"आपलं म्हणणं वर कळवते, मॅडम."

"वर म्हणजे कितव्या मजल्यावर?"

मुलगी गोंधळली. "सातव्या..."

"बरं. मी येते."

मंगळवारी ती शेडमध्ये रजा टाकून सोलच्या बसमध्ये बसली. बरोबर मा जम-रे, दाल-सू आणि मी. पाच तासांचा प्रवास. जम-रेने वाटभर भाताचे गुंडाळे आणि तिखट माकूल खायला घातलं आणि बसमधल्या लोकांना आम्ही कशाला चाललोय ते सविस्तर सांगितलं. कंपनीची इमारत काचेची. खालच्या दालनात आम्हाला दीड तास बसवून ठेवलं. पिल-नाम तीनदा उठून मेजावरच्या माणसाला सांगून आली, "आम्ही अजून इथेच आहोत हो."

शेवटी एकजण खाली आला. तिशीचा, डोळ्यांखाली काळं, पायात सपाता. नाव की ह्यन-उ. लढाईचे नियम तोच आखायचा. म्हणजे योग्य माणूस आला होता.

"काकू, खरं सांगू?" तो बसत म्हणाला. "दोन्हीकडचे मिळून दोनशे चाळीसच्या वर एका जागी आले की यंत्र बसतं. माझ्या हातात असतं तर हजार घेतले असते."

आम्हाला वाटलं, आता नूना भडकणार. ती भडकली नाही.

"हे पटलं," ती म्हणाली. "मी बोटवाल्यांच्या घरची. बोटीत माणसं किती घ्यायची ते बोट ठरवते. जास्त घेतली तर सगळेच बुडतात. शंभर तर शंभर. पण मला हे सांगा, बोटीवर कुणाला आधी चढवतात?"

"म्हणजे?"

"जो धक्क्यावर आधी येऊन उभा राहिला त्याला, का ज्याचे बूट भारी त्याला?"

ह्यन-उने आधी आपल्या सपातांकडे पाहिलं. मग कान खाजवत म्हणाला, "मोठे गडी खूप वर्षं खेळलेले असतात. ते बाहेर राहिले तर बोंब होते. आणि त्यांची बोंब वर ऐकू जाते."

"आणि आमची?"

"तुमची... मला ऐकू आली."

"तुम्हाला येऊन काय उपयोग? तुम्ही सपाता घालून खाली येता."

तो हसला, पण कसनुसा. नियम काही बदलला नाही. निघताना पिल-नामने बर्फात घातलेल्या कालवांचा डबा त्याच्या हातात ठेवला. मी म्हटलं, "नूना, याला कशाला?" तर म्हणाली, "भांडण नियमाशी आहे. पोरगं उपाशी दिसतं."

परतीच्या बसमध्ये ती सूचना मनात घोळवत बसली. जम-रे झोपली, म्हणून बसभर शांतता. थेजनच्या पुढे पिल-नामने मला कोपराने ढोसलं.

"मालक, 'एका वेळी शंभर' असं लिहिलंय ना?"

"हो."

"मग आतला मेला की बाहेरचा आत येणार?"

"येणार. आणि मेलेलाही पुन्हा रांगेत उभा राहू शकतो."

"बास," ती म्हणाली. "शेडमध्येही बाकावर जागा चाळीसच आहेत. एकजण लघवीला उठली की दुसरी बसते. बाक कधी रिकामा नसतो, आणि कालवांचा ढीग संध्याकाळपर्यंत राहत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही तसंच केलं. शंभर आत, दोनशे बाहेर. आतल्यांनी पळायचं नाही, लपायचं नाही. एक घाव घालायचा, मरायचं, बाहेर येऊन रांगेच्या शेपटाला लागायचं. पिल-नाम माझ्या खुर्च्यांच्या मधून फिरत ओरडत होती, "मेलात? उठा! पुढची! मेलात? पाणी प्या! पुढची!" शहराशहरांतल्या टोळीवाल्यांना दाल-सू फोनवरून तेच ओरडून सांगत होता. किल्ला पडला नाही. पण सहा वाजता वाघांकडे एकही औषधाची बाटली उरली नव्हती आणि कूकचं चिलखत फाटलं होतं. दीड वर्षात प्रथमच.

वाघांनी बोंब मारली आणि ती वर ऐकू गेली. 'मेलेली माणसं पुन्हा पुन्हा येतात, ही काय लढाई झाली?' गुरुवारी नवी सूचना लागली. जो गडी लढाईत मेला, तो त्या दिवसापुरता बाद.

पीसी-बांगात सुतक पडलं. पोस्टमन म्हणाला, "संपलं. आमच्यासाठीच काढलाय हा नियम." जम-रेने कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. पिल-नाम मात्र सूचना वाचता वाचता हसायला लागली. आधी गालात, मग खो खो.

"नूना, डोकं फिरलं का?"

"मालक, वाघ एकूण किती?"

"एकशे बारा."

"मेलेला परत येणार नाही. त्यांचाही?"

"नियम सगळ्यांना सारखाच."

"आपण किती?"

मी यादी काढली. तीनशे चाळीस.

"मग एका वाघामागे आपले तीन," ती म्हणाली. "आत्तापर्यंत तो बाद झाला तरी परत यायचा. आता गेला की गेला. आणि हे त्यांनी स्वतः मागून घेतलंय!"

दाल-सूने बोटांवर हिशेब केला. "जेमतेम आहे, नूना. तिनाला एक म्हणजे चार माणसंच उरतात."

"चार खूप झाली. दगडाला हात लावायला एक पुरतो."

किल्ल्याच्या आत शिक्क्याचा दगड होता. राखणारे संपले की त्याला जो हात लावेल, त्याच्या टोळीचा किल्ला.

त्या रविवारी शेडच्या मालकाने जादा कामाला थांबायला सांगितलं तर बायका म्हणाल्या, आज लढाई आहे, चारच्या आत सोडा. साडेतीनला माझ्या चाळीस खुर्च्या भरल्या. जे यादीत नव्हते ते भिंतीला टेकून उभे. नियमाप्रमाणे आमचे बळकट शंभर आधी आत गेले. म्हणजे बळकट आधी मरणार आणि शेवटी उरणार सगळ्यात दुबळे, हे पिल-नामला ठाऊक होतं. म्होरक्याला पहिल्या शंभरात जावंच लागतं. ती गेली, दरवाज्यापाशी एका धिप्पाड वाघाच्या पायाला मिठी मारल्यासारखी चिकटली, आमच्या दोघांनी त्याला पाडलं, आणि कूकने तिला उभी चिरली. पहिल्या वीस मिनिटांतच ती बाद.

तिने खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. मी खडूने आकडे लिहीत होतो.

"आपले दोनशे साठ, त्यांचे नव्वद," ती वाचायची. "घाबरायचं नाही. एकट्याने कुणी शूरपणा करायचा नाही. तिघं मिळून एकाला धरा."

पाच वाजता आमचे एकशे सत्तर, त्यांचे बावन्न. साडेपाचला आमचे सत्तर, त्यांचे एकोणीस. तिनाच्या हिशेबात आम्ही थोडेसे पुढे होतो, पण आता आत होती ती मुळं वेचणारी माणसं. पोस्टमन गेला. दाल-सू गेला, त्याने टोपी जमिनीवर आपटली. तेगूच्या आया एकामागून एक फोनवर सांगत होत्या, "मी गेले नूना," "मीही गेले," आणि नूना प्रत्येकीला सांगत होती, "शाब्बास, आता चहा घे."

सहाला सात मिनिटं कमी. त्यांचा एकच उरला, कूक. आमच्या नऊजणी. सगळ्यांत मोठी चौदा लेव्हलची. त्यातली एक मा जम-रे, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

कूकने चार झटक्यांत चौघींना पाडलं. पण त्याच्याकडे औषध नव्हतं आणि प्रत्येक कोयतीने थोडं थोडं रक्त काढलं होतं. पाचवी पडली, सहावी पडली. मग जम-रे मागून गेली आणि मुळं कापतात तसं खाली वाकून तिने त्याच्या घोट्यावर वार केला. साठ लेव्हलचा कूक गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग जम-रेचा आवाज फुटला. "मेला! अगं बाई, हा खरंच मेला!"

"दगड!" पिल-नाम किंचाळली. "बया, नंतर ओरड, दगडाला हात लाव!"

दोन मिनिटं राहिली असताना जम-रेने हात लावला.

कूकने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'ही लबाडी आहे.' पिल-नामने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, 'नियम तुम्हीच मागितला होता.' आणि जरा थांबून खाली, 'जंगलात यायचं तर या. पहारा नाही.'

किल्ला आमच्याकडे पाच रविवार राहिला. सहाव्या रविवारी वाघांनी तो परत घेतला, कारण त्यांनीही दोनशे लहान लेव्हलची माणसं टोळीत घेतली होती. ज्यांना ते जंगलाच्या तोंडाशी कापायचे, त्यांनाच आता चिलखतं वाटत होते, नमस्कार करत होते. दाल-सू हळहळत होता. पिल-नाम म्हणाली, "रडतोस काय? त्यांना आता बारीक माणसांची गरज पडली. पहारा बसवून बघू देत पुन्हा!" त्यांनी तो पुन्हा बसवला नाही.

वसंतात ह्यन-उचा फोन आला. निम्म्या जागा लेव्हलप्रमाणे, निम्म्या जागा जो आधी येईल त्याला, असा नवा नियम मंजूर झाला होता. बिचारा खुशीत होता.

"निम्म्या?" पिल-नाम म्हणाली. "घेते. उरलेल्या निम्म्यांसाठी मंगळवारी येते."

"काकू, ते नाही होणार हो!"

"तुम्ही सपाता घालून खाली या. बघू."

ती गेली. उरलेल्या निम्म्या मिळाल्या नाहीत. ती आणखी दोनदा गेली, तरी मिळाल्या नाहीत. दोन्ही वेळा कालवांचा डबा नेला आणि दोन्ही वेळा भांडून आली.

तो खेळ कधीच बंद झाला. माझं पीसी-बांगही गेलं, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. पिल-नाम चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या हंगामात शेडच्या नव्या मालकाने सांगितलं की, बाकावर जागा कमी आहेत, सत्तरीच्या वरच्यांनी आता विश्रांती घ्यावी. बाकीच्या म्हाताऱ्या मान खाली घालून हातमोजे काढायला लागल्या. पिल-नामने त्यांना डोळ्यांनीच थांबवलं आणि मालकाला म्हणाली, "काम संपलं की प्रत्येकीच्या कालवांच्या बादल्या काट्यावर ठेव. ज्यांच्या हलक्या भरतील त्यांना उठव. वय कसलं विचारतोस?"

काम संपल्यावर त्याने बादल्या काट्यावर ठेवल्या. तिच्याहून जड फक्त दोन होत्या, आणि त्यातली एक मा जम-रेची.